चकतीवरचे पांढरे

प्रिय सानिका आणि तेजस,

मागच्या रविवारी फोनवर तेजसने मला त्याच्या कामाचा पडदा दाखवला. नकाशावर शेकडो ठिपके सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ट्रक, आणि ड्रायव्हरचे तास संपत आले की त्याचा ठिपका लाल होतो म्हणे. "आजी, तूही ट्रान्स्पोर्ट कंपनीत होतीस ना? तुमच्याकडे तेव्हा काय होतं?" असे त्याने विचारले, आणि कुकर उतरवायच्या घाईत मी "काही नव्हतं रे" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मला ते उत्तर टोचत राहिले, कारण ते खोटे होते. आमच्याकडे मेश्राम होते. त्यांना पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

मेश्राम रोज सकाळी ऑफिसात आले की आधी साबणाने हात धुवत आणि कोरडे पुसत. मग पूर्वेच्या खिडकीशी उभे राहून डाव्या डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावत, पुरीएवढी एक गोल कागदी चकती उजेडात धरत आणि ती हळूहळू फिरवत. ओठ हलत असत. "कामठी... हा कन्हानचा पूल... मनसर... इथं चहा घेतला वाटते." पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, माणूस पोथी वाचतो आहे. ते एका ट्रकचा आदला दिवस वाचत होते.

हा काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. आमच्या मालकांना सगळे बाबूजी म्हणत. त्यांचे वीस-बावीस ट्रक नागपूरहून संत्री घेऊन जबलपूरला जात आणि येताना डाळ, लाकूड, मिळेल ते आणत. ड्रायव्हर वाटेत वेळ काढतात, असा बाबूजींचा पक्का समज होता. कलकत्त्याच्या एका एजंटकडून त्यांनी विलायती बनावटीच्या सहा पेट्या आणल्या आणि सहा ट्रकांच्या केबिनमध्ये कुलूप लावून बसवल्या. सोबतचे माहितीपुस्तक इंग्रजीत होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तिथे टायपिस्ट. म्हणून पुस्तक माझ्या टेबलावर आले. पेट्यांच्या आत घड्याळ होते, म्हणून कामठीत घड्याळ दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणाऱ्या सुखदेव मेश्रामांना बोलावणे गेले.

ते आले ते एका ट्रकातली पेटी सोडवून, काखेत घेऊनच. चाळिशीचे, सडपातळ, पांढरा स्वच्छ शर्ट. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पुस्तक वाचा, मी डब्बा वाचतो. मंग दोघं मिळून पाहू, कोण खोटं बोलून राहिलं."

खोटे पुस्तकच निघाले. एक आकृती चक्क उलटी छापली होती. यंत्र मात्र साधे होते. आतले घड्याळ त्या चकतीला चोवीस तासांत एक फेरा देई. चकतीचा कागद काळा आणि त्यावर पांढऱ्या मेणाचा थर. ट्रक चालला की हादऱ्याने एक सुई हले आणि मेण खरवडून खालचे काळे दिसे. ट्रक थांबला की सुई शांत, चकती पांढरी. ड्रायव्हरांनी त्या पेटीचे नाव ठेवले चुगलखोर. चकत्या रोज वाचायला बाबूजींनी मेश्रामांना ऑफिसातच नोकरीवर ठेवले.

विलायती चकत्या वर्षभरात संपल्या आणि नव्या मिळेनात. मेश्रामांनी काळा कागद आणला, मेणबत्त्या वितळवल्या, त्यात खडूची पूड कालवली आणि घरच्या तव्यावर प्रयोग सुरू केले. त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, "सांगा वं बाई याहिले काही. तीन दिवस झाले, भाकरीले मेणाचा वास येऊन राहिला." चौथ्या दिवशी चकती जमली. विलायतीपेक्षा थोडी जाड, पण चालली.

हळूहळू त्यांना रस्त्यांचे हस्ताक्षर ओळखू येऊ लागले. कन्हानच्या पुलावरच्या सांध्यांमुळे सुई फणीच्या दातांसारख्या बारीक रेघा काढी. घाटात रेघ जाड आणि वेडीवाकडी होई. बाबूजींना मात्र त्यातले काळे दिसतच नसे. ते पांढऱ्यावर बोट ठेवत. "ये सफेद क्या है? सो रहा था क्या?" आणि त्या ड्रायव्हरची सर्वांदेखत हजेरी घेतली जाई. संत्र्याच्या हंगामात तर विचारूच नका. मेश्राम मला हळूच म्हणत, "बाई, काळं इंजिनाचं असते. माणूस पांढऱ्यात असते."

बोलणी खाऊन खाऊन पुढे पांढरे कमी होत गेले. दुसऱ्या वर्षी तर चकत्या जवळजवळ सबंध काळ्या येऊ लागल्या. बाबूजी खूश. मेश्राम मात्र एक चकती घेऊन बराच वेळ खिडकीशी उभे राहिले आणि मग हसू लागले. मला भिंग देऊन म्हणाले, "पाहा. तीन तास एकसारखी रेघ. खड्डा नाही, गिट्टी नाही. असा रस्ता हिंदुस्थानात आहे का कुठं?"

"मग काय आहे?"

"मिल आहे, बाई."

सिवनीच्या अलीकडे एक डाळ मिल होती. तिचे मोठे इंजिन चालू असले की भिंत थरथरे. आमचे ड्रायव्हर ट्रक त्या भिंतीच्या ओट्याला टेकवून लावत आणि आत झोपत. गाडी उभी, पण सुई हलती. चकती काळी, मालक खूश, ड्रायव्हरची झोप झालेली.

"बाबूजींना सांगणार?" मी विचारले.

"काहून सांगू? झोपूनच राहिले ना बिचारे? कोणाचं काय नेलं?"

मलाही ते पटले. आम्ही दोघे त्या दिवशी पुष्कळ हसलो. आमची चूक तीच होती, हे पुढे कळायचे होते.

वामन नावाचा एक ड्रायव्हर होता, खापा गावचा. दणकट, बोलका, ऑफिसात आला की दारातूनच ओरडे, "बाई, जिवंत आलो, चहा सांगा!" त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन हंगामात एके सकाळी साडेनऊला, लख्ख उन्हात, मनसरच्या अलीकडे त्याचा ट्रक रस्ता सोडून एका चहाच्या टपरीत घुसला. टपरीवाली बाई त्या क्षणी पाणी आणायला विहिरीवर गेली होती, म्हणून वाचली. टपरीचा चुरा झाला. वामनचे गळ्याजवळचे हाड मोडले. डोळा कधी लागला, हे त्याला कळलेच नव्हते.

पोलिसांनी कंपनीकडून लेखी मागितले की ड्रायव्हरला कायद्याप्रमाणे विश्रांती दिली होती का. बाबूजींनी मला बोलावून मजकूर सांगितला: पुरेशी विश्रांती दिलेली होती, अपघात सर्वस्वी ड्रायव्हरच्या बेपर्वाईने झाला, कंपनीने त्याला कामावरून कमी केले आहे. हे पत्र गेले असते तर वामनचे लायसन्स गेले असते, कदाचित तुरुंगही झाला असता. घरात कमावता तो एकटा. मी टाइप केले. सहीसाठी पत्र फाइलमध्ये ठेवताना मेश्राम समोर येऊन उभे राहिले. हातात वामनच्या अपघाताआधीच्या चार दिवसांच्या चकत्या होत्या.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "या चारही चकत्या माझ्या हातातून गेल्या. काळं दिसलं, मी म्हणलो मिलच असन, अन् पुढं गेलो. भिंग लावलंच नाही. हे मिलचं काळं नोहे, रस्त्याचं आहे. पोरगा चार दिवस झोपलाच नाही."

"मग हे बाबूजींना दाखवा."

"दाखवतो. पण ते म्हणतीन, सगळ्याइच्या चकत्या अशाच काळ्या आहेत, मंग बाकीचे काहून नाही ठोकून राहिले? तेव्हा मले मिल सांगा लागन."

मिल सांगायची म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांची चोरी उघडी करायची आणि त्यांची झोपायची जागा घालवायची. शिवाय दोन वर्षे माहीत असून गप्प बसलो, हेही कबूल करायचे. मेश्रामांनी आधी ड्रायव्हरांना गाठले. मी खिडकीतून ऐकत होते.

"वा गा मेश्राम!" एक जण म्हणाला. "एक चुगलखोर कमी होता, तर तूही?"

"नोकरी गेली तर पहिली माझी जाईन गा. वामनचं लायसन चाललं आहे. तुम्ही नाही म्हणान तर नाही सांगत."

रहमान चाचा, सगळ्यांत जुने ड्रायव्हर, विडी विझवून म्हणाले, "बोल दो मेश्राम. मिल की दीवार से लगके सोना भी कोई सोना है? नींद में दाँत तक हिलते हैं." सगळे हसले, आणि ते हसू म्हणजेच होकार होता.

छप्पन साली नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेच्या वेळी मेश्राम पंचविशीत होते. त्या दिवसापासून आपण कुणापुढे मान खाली घालून बोललो नाही, असे ते मला एकदा म्हणाले होते. त्या दुपारी ते मी पाहिले. बाबूजींच्या टेबलासमोर उभे राहून, आवाज जराही न चढवता त्यांनी मिलची सगळी हकीकत सांगितली.

बाबूजी लाल झाले. "म्हणजे दोन वर्षे तुम्ही मला फसवलंत?"

"हो जी."

"आणि आता तुमच्या वाचनावर मी विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका. पाहून घ्या."

बाबूजींनी कपाटातून चकत्यांचा गठ्ठा काढला, मधूनच नऊ चकत्या ओढल्या आणि नावांवर अंगठा ठेवून एकेक पुढे धरली. मेश्राम भिंगातून पाहत. "ही मिल. ही मिल. हा रस्ता, हे पाहा दात, कन्हानचा पूल. इथं रस्ता, अन् इथून मिल." मग त्यांनी भिंग बाबूजींच्या हातात दिले. बाबूजींनी आयुष्यात पहिल्यांदा काळे नीट पाहिले. तिसऱ्या-चौथ्या चकतीला ते स्वतःच पुटपुटले, "ये मिल है."

मग वामनच्या चार चकत्या. त्यांत मिल नव्हती. पांढरे होते ते नखाएवढे, जबलपूरला माल उतरवतानाचे.

"त्याने मला का नाही सांगितलं की झोप झालेली नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता जी?"

बाबूजींनी चकती पुन्हा एकदा भिंगाखाली धरली. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाईत असत. शेवटी म्हणाले, "मी म्हणालो असतो, संत्री सडतील." आणि माझ्याकडे हात केला. "बाई, वो चिट्ठी इधर दीजिए."

पत्र त्यांनी स्वतः फाडले. दुसरे पत्र तीनच ओळींचे होते: या चालकास कंपनीने आवश्यक ती विश्रांती दिली नव्हती; सोबत चार चकत्या जोडल्या आहेत. दंड कंपनीने भरला, टपरी कंपनीने बांधून दिली. वामनचे लायसन्स राहिले आणि हाड जुळल्यावर तो कामावर परत आला.

बाबूजी पुढे महिनाभर मेश्रामांशी बोलले नाहीत. पण पेट्या बसवलेल्या सहाही ट्रकांच्या किल्ल्यांचा फळा त्यांनी मेश्रामांच्या टेबलामागे हलवला. मेश्रामांनी पत्र्याचा एक तुकडा, पुऱ्या झोपेच्या तासांएवढा, टरबुजाच्या फोडीसारखा कापून घेतला. आदल्या दिवसाच्या चकतीवर तो ठेवायचा. पांढरे त्या फोडीपेक्षा कमी भरले तर किल्ली नाही. "पांढरं दाखव" हा आमच्या अंगणातला नमस्कारच झाला. वामन चकती नाचवत येई, "घ्या, पोटभर झोपलो, आता तरी चहा सांगा!" एकदा हंगामात संत्र्याच्या व्यापाऱ्याने फार आरडाओरडा केला, तेव्हा बाबूजी स्वतः किल्ली मागायला आले.

"चाबी दो, मेश्राम."

"पांढरं कमी आहे जी."

बाबूजी तसेच परत गेले. व्यापाऱ्याला म्हणाले, "वो नहीं देगा."

मिलची जागा गेली, तेव्हा दुसरी लागणार होतीच. मेश्राम आणि रहमान चाचा सिवनीला जाऊन आले आणि रस्त्यापासून जरा आत, इंजिनाचा आवाज येणार नाही अशी एक खोली त्यांनी पाहिली. बाबूजींनी आधी ती भाड्याने घेतली, नंतर विकतच घेतली. खाटा नागपूरहून आमच्याच ट्रकने गेल्या.

ऐंशीच्या दशकात मेश्रामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी वामनला चकत्या वाचायला बसवले आणि एवढेच सांगितले, "काळं दिसलं म्हणून पुढं नको जाऊ. मी एकदा गेलो होतो." दोन वर्षांनी ते गेले. कामठीला त्यांच्या दारी त्या दिवशी इतके ड्रायव्हर आले होते की गल्लीत उभे राहायला जागा नव्हती. वामन माझ्याशेजारी उभा होता.

बाबूजींच्या मुलांनी पुढे धंदा विकला. ट्रक गेले, पेट्या भंगारात गेल्या, ऑफिसच्या जागी आता दुकाने आहेत. सिवनीची खोली बाबूजींनी आधीच वामनच्या ताब्यात दिली होती; आता ती त्याचा मुलगा पाहतो. मागच्या वर्षी मी तिथे जाऊन आले. सहा खाटा आहेत, माठ आहे, पंखा नवा आहे. कोणत्याही कंपनीचा ड्रायव्हर तिथे येऊन झोपू शकतो. मी गेले तेव्हा चार खाटांवर माणसे झोपलेली होती.