रफिकची दहा बोटं

कळमनुरीच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडत होतो तेव्हा फोन आला. "चाचा, अब्बा गेले." रफिकच्या पोरीचा आवाज. जुडी तिथंच टाकून निघालो. वाटेत दुःखाआधी रागच आला, आणि महिना होऊन गेला तरी तो उतरलेला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. सांगोत बापडे. माझा मित्र आतून खचला होता, एवढं मला कळतं.

आम्ही एका बाकावरचे. मी शिकून मास्तर झालो, तो फरशीकाम शिकला. आखातातल्या एका देशाला तेव्हा विमानतळ, हॉटेलं घाईनं उभी करायची होती, माणसं हवी होती. एजंट थेट आमच्या गावात आला. ना चौकशी, ना तपासणी... "हात दाखव" म्हणाला, रफिकनं घट्टे पडलेले हात दाखवले, झालं काम! ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यानं तिकडं फरश्या बसवल्या, घासल्या. सिमेंटनं बोटं सोलून निघायची. सुट्टीवर आला की भाभी त्याच्या बोटांना मेहंदी थापायची. आमच्याकडचे गवंडी करतातच तसं, भेगांना थंडावा मिळतो. मी चिडवायचो, "काय नवरदेव, पुन्हा बोहल्यावर का?" तो हसायचा, "जळू नको मास्तर."

शेवटच्या सुट्टीतही मेहंदी लावूनच परत गेला. तोवर तिकडं शेजारच्या देशाशी कुरबुर वाढली होती, बोटांचे ठसे जुळल्याशिवाय आत सोडत नव्हते. बांधकामंही संपत आली होती, हे विसरू नका. यंत्राला रफिकची बोटं वाचता येईनात. रेघा होत्याच कुठं? वरून ती मेहंदी. हा ठसे लपवतोय, असा त्यांनी अर्थ काढला. खोलीत बसवून तेच तेच विचारलं, आणि कायमची बंदी घालून परतीच्या विमानात बसवलं.

"ज्या फरशीवर मला उभं केलं ना मास्तर, ती मीच घासलेली रे," आल्या दिवशी म्हणाला. "काहून लपवू मी बोटं? त्यांच्याच कामात झिजली न्हाई का?"

देशानं आपली राखण करू नये, असं मी म्हणत नाही. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंय मी. पण गरज होती तेव्हा याच हातांत धोका कसा दिसला नाही? काम सरल्यावरच बरा दिसला! हा दगा आहे, दुसरा शब्द मला येत नाही. रफिकला परत जायचंही नव्हतं. 'हा माणूस खोटा नव्हता' एवढं तिथल्या कुणीतरी म्हणावं, यासाठी तो अर्ज करत राहिला. कुणी म्हटलं नाही. भाभी मेहंदी घेऊन आली की हात मागं घ्यायचा...

गेल्या उन्हाळ्यात माझ्या घरापुढचा ओटा त्यानंच केला. सिमेंट ओलं असताना एकाएकी दहाही बोटं त्यात दाबली. "बघ, उमटून राहिले का ठसे?" खळगे उमटले, गुळगुळीत, एकही रेघ नाही. "म्हंजी मशीन बराबर होती," म्हणाला, आणि थापी उचलून ते बुजवायला निघाला. मी त्याचा हात धरला. "राहू दे."

आता मुलगा म्हणतो, ओट्यावर टाइल्स बसवू. बसवू देणार नाही. संध्याकाळी मी तिथं त्या खळग्यांत बोटं ठेवून बसतो. ते कुणाचे आहेत, हे ओळखायला मला रेघ लागत नाही.