नावापुढची जागा

नाशकातल्या आमच्या तांबट आळीत सगळे मोठ्यानं बोलत. सकाळी हातोडे सुरू झाले की शेजारी बसलेल्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागे, आणि हातोडे थांबले तरी ती सवय जात नसे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

मॅट्रिकला मी शाळेत पहिला आलो. सांगायला संकोच कसला? आमच्या आळीतून मॅट्रिक झालेला पहिला मीच. हेडमास्तरांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून घेतलं आणि दोन वाटा सांगितल्या. नाशकातल्या कॉलेजात आर्ट्स होतं. सायन्स हवं असेल तर पुण्याला अर्ज करायचा, आणि तो शनिवारच्या टपालानं गेलाच पाहिजे. आर्ट्स म्हणजे काय, असं अण्णांनी विचारलं. हेडमास्तर म्हणाले, "कला."

तिथंच घोटाळा झाला. अण्णा शाळेत गेलेले नव्हते, पण भांड्यावर नाव घालावं ते त्यांनीच. कागदावरची अक्षरं समोर ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी अशी उतरवीत की ओळ सुतात. कला म्हणजे हीच, आपली. ती शिकवायला सरकारनं नाशकात एवढं कॉलेज काढलंय, मग पुण्याला कशाला जायचं? संध्याकाळपर्यंत त्यांनी आळीभर सांगूनही टाकलं.

मला सायन्स हवं होतं. गणितावर माझा जीव होता. पण अण्णा इतके खूश होते, की तुमचं चुकलंय हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगावं, ते कळेना. बुधवार गेला, गुरुवार गेला. पुण्याचा कोरा अर्ज माझ्या उशाखाली पडून होता.

शुक्रवारी अण्णा म्हणाले, चल, कॉलेज बघून येऊ. पत्रा वाजवून बघितल्याशिवाय त्यांनी कधी घेतला नव्हता, मग कॉलेज कसं घेतील? धुतलेलं धोतर, वर काळी टोपी घालून निघाले. तिथं एक प्रोफेसर व्हरांड्यात वाचत बसले होते. सगळीकडे शांत. अण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि आळीतल्या आवाजात विचारलं, "मास्तर, ऐरणी कुठं मांडता?"

खिडक्यांतून दोन-तीन डोकी बाहेर आली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. प्रोफेसर मात्र हसले नाहीत. त्यांनी अण्णांना बसायला खुर्ची दिली आणि इथं इतिहास, संस्कृत, तर्कशास्त्र असं काय काय शिकवतात ते नीट सांगितलं. "इथं हात काळे होतात ते शाईनं," ते म्हणाले. अण्णांनी मान डोलावली.

परतताना ते म्हणाले, "पत्रा ठोकत गेलं की कडक होतो. तापवला की पुन्हा मऊ. का होतं असं?"

"मला नाही ठाऊक."

"कुठं शिकवतात ते?"

"सायन्समध्ये. पुण्याला."

ते थांबले. "आणि मी चार दिवस आळीत कला कला करत हिंडतोय. तुला तोंड नव्हतं?"

"तुम्ही खूश होता, अण्णा."

"अजून आहे," ते म्हणाले. "काढ तो अर्ज. उशी उचलली तेव्हा बघितलाय मी."

अर्ज शनिवारी गेला. शेजारच्या काकांनी चिडवलंच, काय झालं तुमच्या कलेचं? अण्णा हातोडा न थांबवता ओरडले, "अहो, तिथं एक ऐरण नाही. बिनऐरणीच्या जागी पोराला कोण घालील?" आळीला ते पटलं.

पुण्याला निघताना त्यांनी मला तांब्या दिला. वर ठिपक्यांत माझं नाव होतं, पण एका अंगाला सरकलेलं. अण्णांच्या हातून असं कधी होत नसे. नाव मधोमध आलं नाही, असं मी म्हणालो.

"पुढं जागा सोडलीय. तिथं काय घालायचं ते चार वर्षांनी कागदावर लिहून दे. अक्षर मोठं काढ."

चार वर्षांनी तांब्या घेऊन घरी आलो आणि मोठ्या अक्षरांत 'बी.एस्सी.' लिहून दिलं. त्यांनी ते त्याच दुपारी ठोकलं. सोडलेल्या जागेत ते बरोबर मावलं. ठोकता ठोकता त्यांनी पत्र्याचा प्रश्न पुन्हा काढला. मी धातूच्या कणांबद्दल शिकलो होतो तेवढं सगळं सांगितलं, आणि यापुढचं शास्त्रज्ञ अजून शोधताहेत, हेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे पुरतं अजून कुणालाच कळलेलं नाही," ते म्हणाले, आणि तांब्या फिरवून उजेडात धरला. त्या उत्तरावर ते फार खूश होते.