शून्यावरची बाज

मी फार बोलत नाही. बोललो तरी सावकाश. माझं एक वाक्य संपेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन निघून जातो, असं माझी बायको म्हणायची. पण ज्याच्या बाजेभोवती रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोरं गणित करतात, त्याला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. बाज झटकली की खडूची पूड पडते, तसे तेही पडतात. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच!

कुंभार पिंपळगावात आमचं घर. मुलगा सिद्धार्थ जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये असतो, रविवारी येतो. घरी मी, सून प्रज्ञा आणि एक म्हैस. मी चौथीपर्यंत शिकलो. प्रज्ञा गणितात एम.एस्सी. आहे. म्हशीचं विचारू नका, पण या गणितात तिचाही वाटा आहे.

प्रज्ञाला कॉलेजात शिकवायचं होतं. दोन ठिकाणी तिनं इंटरव्ह्यू दिले, दोन्हीकडं नाही म्हणाले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, "मॅडम, ज्ञान चांगलं आहे, आवाज लहान आहे." दुसऱ्या ठिकाणी तिनं अख्खा धडा शिकवला, आणि मागच्या बाकावरचे सर म्हणाले, "मॅडम, सुरू कधी करताय?"

ती घरी आली आणि अंगणात अकरावीच्या पोरांची शिकवणी सुरू केली. आवाज तेवढाच होता. तिनं नियम केला, "ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं पुढं सरकावं." आठवड्याभरात सगळी पोरं माझ्या बाजेला चिकटून बसू लागली.

*

अकरावीला मॉड्युलस नावाचं एक प्रकरण आहे. पोरं त्याला मॉड म्हणतात. दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक्स. प्रज्ञानं सांगितलं, "मॉड म्हणजे शून्यापासूनचं अंतर. उजवीकडं जा नाहीतर डावीकडं जा, अंतर तेवढंच." पोरांनी वहीत लिहून घेतलं. कळलं कोणालाच नाही.

मग तिनं ठरवलं, हे पायानं चालून शिकवायचं. आमच्या अंगणात फाटकापासून गोठ्यापर्यंत शहाबादी फरशीची एक सरळ रांग आहे. एक फरशी म्हणजे एक आकडा. शून्य मधोमध पाहिजे. मधोमध माझी बाज, आणि बाजेवर मी झोपलेलो.

रहीमभाई बांगडीवाल्यांची समीना म्हणाली, "बाई, आबांना उठवू का?"

"नको गं. झोपू दे. शून्य तिथंच धरू."

मी जागा झालो तर बाजेखाली खडूनं भलंमोठं शून्य काढलेलं. फाटकाकडं एक, दोन, तीन. गोठ्याकडं मायनस एक, मायनस दोन. बाजेभोवती पोरं. कोणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहा आला, तो शून्यावर बसून प्यालो.

तेव्हापासून क्लास चालू असताना मी जागचं हलायचं नाही असं ठरलं. एकदा न कळवता उठलो, तर पोरांतला गजू ओरडला, "बाई, शून्य न्हाणीत गेलं!"

*

पहिल्या दिवशी तिनं आकाशला गोठ्याकडं पाच फरश्या पाठवलं आणि समीनाला फाटकाकडं पाच.

"सांगा, लांब कोण गेलं?"

"आकाश!" सगळे म्हणाले.

"का?"

"तो मायनसमधी गेल्ता ना बाई. उलटं चालत."

"आबांपासून मोजा."

मोजलं. दोघं पाच-पाच. पण पोरांना पटेना. मग फाटकाकडं ऊन आहे, गोठ्याकडं चिखल आहे, असं काय काय निघालं. शेवटी प्रज्ञा माझ्याकडं वळली.

"आबा, तुमच्यापासून लांब कोण आहे?"

मी दोघांकडं बघितलं. लेकरं उभी होती आपली.

"लांब कशाला असतील? दोघं माझेच हायत," मी म्हणालो.

पोरं हसली. प्रज्ञा हसली नाही. "आबांनी अंतर सारखं धरलंय, तेवढं बराबर," ती म्हणाली. "पण पाच लिहिलं न्हाई. अर्धा मार्क."

*

आता म्हैस.

ती मायनस सहाला बांधलेली असते. पहिल्यापासून तिथंच आहे, आकडे तिच्याकडं नंतर आले. लाथ मारते. त्यामुळं मॉड एक्स बरोबर सहा असं आलं की सगळी पोरं फाटकाकडं पळायची. एक उत्तर मिळायचं, दुसरं राहायचं. प्रज्ञा रोज सांगायची, "अरे, उत्तरं दोन असतात. एक बाजू बघून घरी जाऊ नका."

पुढं कॉलेजात चाचणी झाली. चार दिवसांनी कॉलेजचे गणिताचे सर गजूचा पेपर घेऊन थेट आमच्या फाटकात उभे राहिले.

"मॅडम, हा पोरगा तुमच्याकडं शिकतो ना? हे वाचा."

प्रज्ञानं वाचलं. गजूनं लिहिलं होतं, 'एक्स बरोबर सहा किंवा एक्स बरोबर मायनस सहा. परंतु मायनस सहाला म्हैस आहे, म्हणून सहा.'

"ही म्हैस कुठून आली?" सरांनी विचारलं.

प्रज्ञानं पेपर परत दिला. त्यांना आत घेतलं, फरशीवरून चालवत नेलं. शून्यापाशी मी राम राम केला. मायनस पाचला प्रज्ञा थांबली. सरांनी म्हैस बघितली. म्हशीनं सरांना बघितलं. सरांनी दोनदा खाली वाकून आकडा वाचला.

"एक मार्क देतो," सर म्हणाले. "पण वार्षिक परीक्षेला म्हैस लिहू नको म्हणावं."

*

एकदा तिनं आकाशला सांगितलं, "मॉड एक्स बरोबर मायनस दोन. जा, जिथं उत्तर येईल तिथं उभा राहा."

आकाश मायनस दोनवर जाऊन उभा राहिला.

"आबांपासून किती लांब?"

"दोन."

"मला मायनस दोन लांब पाहिजे."

आकाश फाटकाकडं दोनवर गेला. तिथंही दोनच. एकवर आला. माझ्या बाजेवर चढून बघितलं. मी जरा सरकून त्याला जागा दिली.

"इथं, बाई?"

"इथं शून्य."

तो उतरला, इकडंतिकडं बघितलं, दप्तर उचललं आणि फाटकातून बाहेर पडून सरळ घरी गेला.

प्रज्ञा त्याच्याकडं बघत राहिली. मग पोरांना म्हणाली, "बराबर आहे. अंतर कधी मायनस नसतं. याला उत्तरच न्हाई. आकाशला पूर्ण मार्क."

दुसऱ्या दिवशी तिघंजण क्लासला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "बाई, आमाला बी उत्तर येत नव्हतं, म्हणून घरीच राह्यलो."

*

मग आलं एक्स अधिक दोनचं मॉड.

त्यात अंतर शून्यापासून मोजत नाहीत, दुसऱ्याच ठिकाणाहून मोजतात. म्हणजे बाज हलवायची. मी उठायला लागलो, तर पोरं म्हणाली, "आबा, तुमी पडा. आमी नेतो." चौघांनी चार पाय धरले आणि बाज उचलली. मी आडवाच होतो. हातपाय जुळवून घेतले, म्हटलं पडायला नको.

अधिक दोन म्हटल्यावर पोरं फाटकाकडं निघाली. प्रज्ञा म्हणाली, "उलटं! अधिक असलं की मायनसकडं जायचं."

"असं कसं, बाई?"

"एक्समध्ये दोन मिळवून शून्य व्हायचं असेल, तर एक्स किती पाहिजे?"

पोरं बाज धरून उभी राहिली आणि विचार करू लागली. मी डोळे मिटून घेतले. मग समीना म्हणाली, "मायनस दोन!" आणि वरात वळली.

नेमके तेव्हा रहीमभाई पोरीला न्यायला आले. त्यांना काय दिसलं, तर चार पोरं गंभीर चेहऱ्यानं बाज घेऊन चाललेली, बाजेवर आबा, डोळे मिटलेले. त्यांनी सायकल फाटकाला लावली, डोक्यावर रुमाल घेतला, चपला काढल्या आणि पुढं येऊन एका पायाखाली खांदा दिला.

"कब गये?" त्यांनी हळूच विचारलं.

मी डोळे उघडले. "अजून चाललोय, रहीमभाई. मायनस दोनवर."

रहीमभाई भला माणूस. बाज टाकली नाही. आधी पोरीला विचारलं, "रखना कहाँ है?" दाखवल्या जागी बरोबर ठेवली. मग खाली बसले आणि पाणी मागितलं.

गणितात मॉड बरोबर चार होतं, म्हणून बाजेपासून दोन्हीकडं चार-चार फरश्या मोजल्या. एकीकडं दोन आले. दुसरीकडं म्हैस.

*

लहान-मोठ्याचं चिन्ह असलेली गणितं पोरांना आवडायची, कारण त्यात एकटं उभं राहावं लागत नाही. मॉड एक्स तीनपेक्षा लहान, म्हणजे सगळ्यांनी आबांच्या जवळ यायचं, दोन्ही बाजूंनी, तीन फरश्यांच्या आत. मोठा म्हटलं की लांब पळायचं.

एक दिवस तिनं सांगितलं, "मॉड एक्स, शून्यापेक्षा लहान किंवा बराबर."

पोरं मागं सरकू लागली. एकवर चालत नाही, मायनस एकवर चालत नाही. सरकत सरकत सगळी फाटकाबाहेर गेली. अंगण रिकामं झालं. क्लास सुरू झाल्यापासून त्या वेळेला अंगण तसं मी कधी बघितलं नव्हतं.

"बाई, आत कोणीच न्हाई!" बाहेरून गजू ओरडला. "उत्तर न्हाई!"

"नीट बघ."

"आबा हायत फक्त."

"मंग?"

"मंग उत्तर आबा!"

त्याच दिवशी प्रज्ञाला फोन आला. जालन्याच्या पुढच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर जागा निघाली होती. वर्गावर शिकवून दाखवायचं. फोन ठेवून ती पीठ मळायला बसली.

"आबा, हा शेवटचा," ती म्हणाली. "इथं न्हाई झालं तर बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला जाणार. सिद्धार्थला सांगितलंय. पोरांना दुसरा क्लास बघायला सांगते."

मला पुष्कळ म्हणायचं होतं. तुझ्यासारखं कोण शिकवणार, पॅकिंग करायला एम.एस्सी. केलीस का, असं. ते सगळं जुळवेपर्यंत भाकरी झाल्या. शेवटी एवढंच म्हणालो, "मी येतो संगं."

*

कॉलेजचं नाव सांगत नाही. त्यांची काही चूक नाही.

मी डबा घेऊन वर्गाबाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडं होतं. आत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि दोन सर मागच्या भिंतीला टेकून बसलेले. त्यांच्या न् फळ्याच्या मध्ये बाक बाजूला सारून नुसती फरशी. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मॉड्युलसची इनइक्वॅलिटी घ्या."

मला वाटलं, चला, आपलंच निघालं.

प्रज्ञा बोलू लागली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मोठ्यानं."

ती पुन्हा बोलली. एक सर कानामागं हात लावून पुढं वाकले. दुसरे सर घड्याळ बघू लागले.

"मॅडम, मागं काही ऐकू येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

प्रज्ञानं तोंड फळ्याकडं केलं. तिथं त्या दोन उभ्या रेघा काढलेल्या होत्या. मध्ये काही लिहिलेलं नव्हतं. खडू हातात, आणि हात हलेना. मी डबा उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

मग ती वळली आणि दारात आली.

"आबा, जरा आत येऊन बसता का?"

मी चपला काढल्या, आत गेलो. तिनं वर्गाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. मी बसलो. मांडीवर डबा.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझे सासरे."

"ह्यांचं इथं काय काम?"

"अंतर ह्यांच्यापासून मोजायचं आहे, सर." मग ती तिच्या त्याच आवाजात म्हणाली, "मॉड एक्स, तीनपेक्षा लहान. सगळ्यांनी ह्यांच्यापासून तीन फरश्यांच्या आत यायचं."

कोणी उठलं नाही. बहुतेक ऐकूच गेलं नसावं. मग त्या दोघांतले गणिताचे म्हातारे सर उठले, खुर्ची घेऊन माझ्या उजव्या हाताला आले. त्यांच्यामागं प्राचार्य. मग दुसरे सर. अध्यक्ष एकटेच मागं राहिले.

"साहेब, तुम्ही अजून उत्तरात नाही," प्रज्ञा म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

म्हाताऱ्या सरांनी त्यांना सांगितलं. अध्यक्ष उठले, खुर्ची ओढत आणली आणि त्याच बाजूला माझ्याजवळ बसले.

मग ती शिकवत राहिली. अंगणात शिकवते तसं. मध्ये अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं. त्यांनी दुसरा विचारला.

"आता मॉड एक्स तीनपेक्षा मोठा," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांनी लांब जायचं."

कोणी हललं नाही.

"राहू द्या, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "इथं बरं ऐकू येतंय."

प्राचार्यांनी त्यांच्याकडं बघितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. प्राचार्यांनी क्लार्कला हाक मारून नेमणुकीची ऑर्डर टाइप करायला सांगितली.

"सर, एक राहिलं," प्रज्ञा म्हणाली. "तुमचं उत्तर अर्धंच आलंय."

क्लार्क दारातच थांबला.

"तुम्ही सगळे उजवीकडंच बसलात. डावीकडच्या फरश्या रिकाम्या आहेत. तिकडंही उत्तर असतं."

सगळ्यांनी वळून बघितलं. खरंच कोणी नव्हतं. गणिताचे सर टाय नीट करू लागले. अध्यक्षांनी थोडा वेळ त्या रिकाम्या फरश्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाबा, तुम्ही मघापासून मधोमध बसलात. तुम्हीच सांगा, तिकडं कोणीच कसं गेलं नाही?"

मी सावकाश बोलतो. सगळे थांबले.

"तिकडं म्हैस असती, साहेब."

अध्यक्षांनी पुन्हा एकदा डावीकडं बघितलं, आणि आपली खुर्ची जराशी उजवीकडं सरकवली.