फुकटची बुद्धिचाचणी

आमच्या चित्राची बुद्धी मोजायला घेतली, आणि घरात इतर कुणाकडे ती फारशी नाही एवढं मात्र पक्कं सिद्ध झालं.

चित्रा तेव्हा सात वर्षांची, तिसरीत. बाईंनी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत हिचं उत्तर तयार. वर बाईंचं चुकलं असेल तर तेही सांगायची! अशा मुलीचं शाळेनं काय करावं? शाळेनं तिला व्हरांड्यात उभं केलं. एकदा नव्हे, रोज. मी हेडमिस्ट्रेसबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "वरच्या वर्गात घालते, पण बुद्धिचाचणीचा दाखला आणा. महिनाअखेरच्या आत. नाहीतर तिला गप्प बसायला शिकवा."

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात तिच्या वहीत साध्या साध्या बेरजा चुकलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणाली, "चुकलं की आत बसू देतात, अप्पा." दाखला आणायचाच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. (परवडला तर. मी विमा कचेरीत कारकून होतो, जमीनदार नव्हे.)

मद्रासच्या एका मोठ्या दवाखान्यात चौकशी केली. फी ऐकून मी नम्रपणे फोन ठेवला. पण काळ उदारीकरणाचा होता, देशात सगळंच मिळू लागलं होतं! आमच्या बसस्टँडसमोर एक कॉम्प्युटर सेंटर निघालं होतं. तिथे एकाच कॉम्प्युटरवर जातक, म्हणजे जन्मपत्रिकाही निघे आणि बुद्धीही मोजून मिळे. मी चित्राला घेऊन गेलो. त्या यंत्रानं बराच वेळ कुरकुर करून कागद बाहेर टाकला: मुलीला परदेशगमनाचा योग आहे आणि तिनं मंगळवारी लोखंड विकत घेऊ नये. हेडमिस्ट्रेसबाईंनी तो कागद वाचला आणि दोन बोटांत धरून परत दिला.

तेव्हा बायकोला, इंदूला, पुण्याची शैलाताई आठवली. तिची लांबची आतेबहीण. ती एका शाळेत मुलांच्या चाचण्या घेते, असं लग्नात कुणीतरी बोललं होतं. मी एसटीडी बूथवर धावलो.

"चाचणी पाठवते की," शैलाताई म्हणाली. "पैसे नकोत. पण मूल घरी बोलतं कुठली भाषा?"

इथे मी शांतपणे 'तमिळ, इंग्रजी आणि थोडं आमचं' असं म्हणायला हवं होतं. पण मी तंजावूरचा मराठा! छाती फुगली.

"मराठीच, ताई! तीनशे वर्षं झाली, आम्ही मराठी सोडली नाही. पुण्यातही बोलत नसाल अशी जुनी, अस्सल मराठी!"

"वा! मग मराठीचीच पाठवते. घरातल्या मोठ्या माणसानं प्रश्न वाचून दाखवायचे, मुलीनं उत्तरं द्यायची. एवढंच."

घरात कुणालाही देवनागरी वाचता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. आम्ही मराठी बोलतो, भांडतो, देवाला नवस करतो. पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहितो. अस्सल मराठीवर व्याख्यान झोडल्यावर हे सांगायला तोंड कुठलं?

आठ दिवसांनी पाकीट आलं. माझ्या वडिलांनी पुस्तिका हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "छपाई छान आहे."

"वाचा की वो," इंदू मला म्हणाली.

"चष्मा कुठे गेला माझा?"

"नाकावर आहे."

मग मला हिंदी पंडितजी सुचले. आमच्या गल्लीत राहणारे, हिंदीच्या परीक्षांच्या शिकवण्या घेणारे तमिळ गृहस्थ. त्यांना अक्षरं येत होती, मराठी येत नव्हती. आम्हाला मराठी येत होती, अक्षरं येत नव्हती. दोघं मिळून एक शहाणा माणूस होईल, असा माझा हिशेब होता!

पंडितजी आले, त्यांनी टंबळरभर कॉफी घेतली, आणि एकेका शब्दावर बोट ठेवत खणखणीत आवाजात वाचू लागले. चित्रा त्यांच्या कोपराला टेकून बसली. मी हातात घड्याळ घेतलं. पहिला प्रश्न: बाजरी, ज्वारी, नाचणी, तूर, यांतलं वेगळं कोणतं?

"बाजरी म्हणजे काय, अप्पा?" चित्रानं विचारलं.

"म्हणजे... धान्य," मी म्हणालो.

"पक्ष्यांना घालतात ते," वडील म्हणाले.

"अय्यो, ते नव्हे! बाजरी म्हणजे कंबू," इंदू म्हणाली.

"कंबू म्हणजे ज्वारी!" मी ठासून म्हणालो.

"ज्वारी चोळम! तुमास काय कळतंय?"

पंडितजींनी हिंदी कोश काढला. कंबू आणि चोळमचा निकाल लागेपर्यंत बारा मिनिटं गेली. प्रश्नाला वेळ होता अर्धं मिनिट. "तूर," चित्रा मधेच म्हणाली. "ती डाळ आहे." कुणी लक्ष दिलं नाही, कारण मुद्दा अजून नाचणीवर यायचा होता. शेवटी आम्ही तिघांनी मतदान केलं आणि मी ठळक पेनानं 'नाचणी'वर खूण केली.

असं तीन संध्याकाळी चाललं. दुसऱ्या दिवशी वडील गणितं स्वतःच सोडवू लागले. मी तर्काचे प्रश्न घेतले. (मला तर्काची पहिल्यापासून आवड.) चित्राची चाचणी आहे हे हळूहळू सगळेच विसरलो. तिसऱ्या दिवशी पंडितजी दुसरी कॉफी प्यायला थांबले, तेव्हा चित्रानं पुस्तिका पुढ्यात ओढली, त्यांच्यासारखंच बोट ठेवलं आणि पुढचा प्रश्न मोठ्यानं वाचला. अडखळत, पण सबंध. मग त्याचं उत्तरही दिलं.

मी काय केलं असेल? उठून तिला मिठी मारली? छे! मी कडाडलो, "पुस्तिकेला हात लावायचा नाही! वाचायचं काम मोठ्यांचं! जा, बाहेर उभी राहा!"

ती बाहेर जाऊन उभी राहिली.

"वो," इंदू हळूच म्हणाली, "ती वाचली."

"वाचली तर काय झालं? इथे बुद्धीची चाचणी चालू आहे!"

पंडितजींनी टंबळर खाली ठेवला. "सार," ते तमिळमध्ये म्हणाले, "माझ्या शिकवणीतली मुलं एवढं वाचायला सहा महिने घेतात." मी घड्याळाकडे बघितलं आणि वेळ वाया जातोय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत असताना इंदूनं दार लावून घेतलं, पुस्तिका चित्राच्या हातात दिली आणि घड्याळ स्वतःकडे ठेवलं. चित्रानं स्वतः वाचून, स्वतः सोडवून, पेन्सिलीनं उत्तरं लिहिली. आमची पेनाची उत्तरं तशीच राहिली, कारण पेन पुसता येत नाही. पेन्सिलीची उत्तरं चित्राची, एवढंच इंग्रजीत लिहून इंदूनं पाकीट परस्पर पुण्याला धाडलं.

महिना संपायला दोन दिवस असताना उत्तर आलं. शाळेसाठी इंग्रजीत दाखला, त्याखाली ठसठशीत शिक्का. सोबत आमच्यासाठी शैलाताईचं मराठी पत्र. ते चित्रानंच वाचून दाखवलं: "मुलगी फार हुशार आहे. तिला ताबडतोब वरच्या वर्गात घालावं." इंदूनं डोळे पुसले. मी पुढचं वाच म्हणालो. चित्रानं पत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली.

"संपलं, अप्पा."

मुलगी चौथीत बसली, वर्गाच्या आत बसली. मी चार घरी जांगरी, म्हणजे आमची उडदाची जिलबी, वाटून आलो आणि ही चाचणी मी कशी घेतली ते प्रत्येक घरी रंगवून सांगितलं.

निवृत्त झाल्यावर मी चित्राकडूनच देवनागरी शिकलो आणि सरावासाठी हौसेनं ते जुनं पत्र काढलं. तिनं न वाचलेली दोन वाक्यं खाली होती: "पेनानं लिहिलेली उत्तरं घरातल्या पाच वर्षांच्या दुसऱ्या मुलाची दिसतात. त्याला अजून वेळ द्या, रागावू नका."