सोनूबाईची जबानी

शिवडीच्या खाडीत सोनूबाई कोळणीइतक्या तिसऱ्या कोणी काढल्या नसतील. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, बोटांनी चाचपत या शिंपल्या उकरायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन लालबागच्या चाळी गाठायच्या. नवरा महादेव दम्याने घरी बसलेला. चूल पेटायची ती या पाटीच्या जोरावर. बाई मनाने चांगली, पण तिच्या मालाकडे बघून कुणी नाक मुरडलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

प्लेगच्या तीन-चार वर्षं आधी परळच्या बाजूला कापड रंगवायची एक नवी गिरणी उभी राहिली. तिचा नाला थेट खाडीत. सोमवारी पाणी निळं, गुरुवारी लाल, आणि वर तेलाचा तवंग रोजचाच. चिखलात उतरणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांना फोड येऊ लागले. कोळीवाड्याने सरकारकडे अर्ज केला. सहा महिन्यांनी का होईना, एक साहेब आणि माधवराव नावाचे कारकून चौकशीला आले. पण आले ते नेमके लालबागच्या बाजारात, ऐन विक्रीच्या वेळी.

"बाई, खाडीच्या पाण्याने तुमचा माल खराब झालाय का?" माधवरावांनी चारचौघांत विचारलं.

भोवती गिऱ्हाइकं उभी. सोनूबाईचं तोंड सवयीनेच चाललं. "खराब? तुज्या डोल्यांना काय झालंय? जिती हाय माजी तिसरी, बग कशी तोंड मिटते!"

माधवरावांनी लिहून घेतलं: माल उत्तम, तक्रार नाही. अर्ज निकालात निघाला. कोळीवाड्यातल्या बायका आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

मालवणकडची राधाबाई हे लालबागच्या चाळीतलं तिचं जुनं गिऱ्हाईक. महिन्याभराने एका दुपारी सोनूबाईने हाक मारली तरी ती दाराशी आली नाही. आत डोकावून बघते तर घरातली चारही माणसं ओकून ओकून आडवी झालेली.

"सोनूबाय, मी तुका गाळी देवूचंय नाय," राधाबाई अंथरुणातूनच म्हणाली, "पण तुझ्या तिसऱ्यांका घासलेटाचो वास येता गो."

तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. सोनूबाईने खाली येऊन सगळी पाटी उकिरड्यावर ओतली आणि भर रस्त्यात बसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. दोन तास उभी राहिल्यावर साहेबापुढे बोलावणं आलं. "तवा मी खोटं बोलले," ती म्हणाली. "माजा माल खायच्या लायकीचा नाय. नाला बंद करा सायेब, नायतर खाडी मरल." उभ्या जन्मात असं ती कधी बोलली नव्हती. माधवरावांनी जबानी लिहून वाचून दाखवली. तिने खाली वेडीवाकडी बांगडी काढली. लिहिता न येणाऱ्या बायकांची निशाणी तीच.

सरकार या वेळी भलतंच चपळ निघालं. दहाव्या दिवशी माधवराव हुकूम घेऊन कोळीवाड्यात हजर. सगळ्या बायका गोळा झाल्या, सोनूबाई सर्वांत पुढे. माधवराव वाचू लागले: शिवडीच्या खाडीतल्या तिसऱ्या, खुद्द विकणारी सोनूबाई कोळीण हिच्या जबानीवरून, खाण्यास अपायकारक ठरल्या आहेत; सबब त्या काढण्यास व विकण्यास आजपासून मनाई.

"आन् नाला?" सोनूबाईने विचारलं.

"नाल्याची बाब विचाराधीन आहे. गिरणीचं म्हणणं मागवलंय."

सोनूबाईला मागच्या बायकांकडे वळून बघायचा धीर झाला नाही.

"मंग माजी बांगडी पुसून टाक," ती म्हणाली.

"सरकारी कागदावरची निशाणी पुसता येत नाही, बाई." माधवरावांचा आवाज खाली गेला होता, माणूस वाईट नव्हता. हुकूम भिंतीला लावायचा होता. तो त्यांनी तिच्याच घराच्या भिंतीवर चिकटवला, कारण कागदावर नाव तेवढं तिचंच होतं.