पाचव्या बरणीतले जंतू

आपली फजिती आपणच सांगितलेली बरी, दुसरा सांगतो तेव्हा मीठमसाला लावून सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सौंसरच्या कॉलेजात शिकवत होतो अन् पीएचडी करून राहिलो होतो. विषय ऐकाल तर नाक दाबाल. गॅरेजच्या नालीतलं काळं तेल खाणारे जंतू! ते पाण्यात सुटे फिरले की खातात कमी. गोट्यांवर चिकट थर करून बसले की मात्र भराभर खातात. संत्र्याच्या सालीतल्या अर्कानं ते असे जमून बसतात का, हे मला पाहायचं होतं.

नालीचं पाणी अन् गोटे भरलेल्या माझ्या पाच बरण्या वासापायी प्राचार्यांनी कॉलेजाबाहेर काढल्या. त्या आल्या माझ्या घरमालकीण सुमनबाईंच्या ओसरीत. चार बरण्यांत रोज सालीचा एकेक तुकडा, पाचवी ताडून पाहायला कोरी, बिनसालीची. बाईंनी विचारलं, यात काय हाय? मी सोपं करून सांगितलं, जीव आहेत, साल म्हणजे त्यांचा खाऊ.

महिन्याभरात चारही बरण्यांत थर धरला. अन् कोऱ्या पाचवीत? सगळ्यांत जाड. मी चक्रावलो. मग वाटलं, आपल्याला मोठाच शोध लागला. जंतूंना सालीची गरजच नाही! सालीची कल्पना मुळात नागपूरच्या माझ्या गाईड सरांची. त्यांना मी पत्र टाकलं की तुमची कल्पनाच चुकली. काय म्हणावं मला?

सर रविवारच्या बसनं आले. मी अर्धा तास त्यांना समजावलं. तेवढ्यात सुमनबाईंनी चहा आणला, कप ठेवले अन् पदराच्या गाठीतून सालीचे दोन तुकडे काढून पाचव्या बरणीत टाकले.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"तुम्ही चौघाईले देता अन् याले एकट्याले उपाशी ठेवता, भाऊ. मले वाटलं, इसरत असान. सक्रांतीपासून देऊन राहिली मी. रोज दोन."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सर मात्र वही काढून बसले. मधे कधी खाडा पडला का, त्यांनी विचारलं.

"एक दिवस. लेकीकडे रामाकोन्याले गेली होती. दुसऱ्या दिवशी चार टाकले."

सरांनी सगळं लिहून घेतलं. दुप्पट सालीनं थर जाड होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सर जायला निघाले तेव्हा मी हळूच विचारलं, प्रबंधात बाईंचे आभार मानू ना?

सर म्हणाले, "बाईंचं नाव मुखपृष्ठावर टाका. आभारात तुमचं बसवू."