ठकीचे गार कान

सांडोरला सासरी येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. सत्तरच्या दशकातला एप्रिल महिना, सकाळची दहाची वेळ... आणि घरातली मांजर ठकी केळी पिकवायच्या खोलीत जाऊन बसलेली.

ठकी गाभण होती, दिवस अगदी भरत आलेले. सासूबाईंचा तिच्यावर भलताच जीव. मांदेलीचा एकेक काटा काढून त्या तिला भात कालवून द्यायच्या, का तर पोटुशीच्या घशात काटा अडकायला नको! मला जन्मात कुणी एवढं निवडून वाढलं नव्हतं, हेही सांगून टाकते...

केळी पिकवायची खोली म्हणजे सगळं बंद, आत पेंढा आणि धुरी देऊन कोंडलेली ऊब. एप्रिलमध्ये माणूस दोन मिनिटं आत थांबणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "विण्यासाठी जागा धरलीय तिने. दार ओढून घे, त्रास नको देऊ."

सगळ्यांना ते पटलं. आदल्या दिवसापासून ती जेवली नव्हती, तर म्हणे विण्याआधी मांजर जेवत नाहीच. भराभर श्वास घेत होती, तर म्हणे आत उकडतंय. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार!

मला मात्र चैन पडेना. केळी बघायच्या निमित्ताने आत गेले, तर ठकी कोपऱ्यात नव्हतीच, खोलीच्या मधोमध पडलेली. पेंढा उकरून जागा केलेली नाही, मागचे पाय ताठ, पाठीवरची कातडी थरथरतेय... मी कानाला हात लावला आणि दचकलेच. त्या भट्टीसारख्या खोलीत तिचे कान गार होते.

माझं माहेर चांदीपचं, म्हणून सासरी सगळे मला "चांदीपची" म्हणत. माहेरी घरी म्हशी. व्यायच्या सुमाराला म्हैस अशी थरथरून खाली बसली आणि कान गार लागले, की माझे वडील हातातलं काम टाकून डॉक्टरकडे धावायचे. हे दुखणं मी लहानपणापासून पाहिलेलं.

बाहेर येऊन मी बोलून गेले, तेही घाईत माहेरच्या बोलीत. "आई, ठकीचे कान गार हायेत. तिला बरं नाय. वाटीतलं पानीपन तसंच हाय. आमच्या म्हशीला असंच झालं होतं."

"म्हशीला?" सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "अगं, मांजर आहे ती!"

मग मी थेट पुढे झाले. त्यांचा हात धरला, त्यांना तसंच आत नेलं आणि तो हात ठकीच्या कानावर ठेवला. नव्या सुनेने सासूला असं ओढून न्यायचे ते दिवस नव्हते...

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "जाते का गं ही?" एवढंच विचारलं त्यांनी.

मिस्टर ऑफिसला गेलेले. आम्ही दोघींनीच ठकीला टोपलीत घातलं, वर जुनं लुगडं टाकलं आणि टांगा करून गुरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर हसलेच, "मांजर? इथे बैल येतात हो, काकी!"

मी पदर सावरून सगळं सांगितलं... कान, पाय, थरथर, श्वास. त्यांनी थर्मामीटर लावला आणि त्यांचं हसू थांबलं. अंगातली उष्णता खूपच खाली गेली होती.

"खायला काय देता?"

"मांदेली. एकेक काटा काढून," सासूबाई जरा अभिमानानेच म्हणाल्या.

"अहो काकी, काट्यातच तर कॅल्शियम! पोटातली पिल्लं आईचं ओढून घेतात, आणि हिला वरून काही मिळालंच नसणार." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला त्यांची फार दया आली.

म्हशीला बाटलीभर देतात तेच कॅल्शियमचं औषध, ठकीला चमचाभरसुद्धा नाही. पण डॉक्टरांनी ते शिरेतून अगदी हळूहळू दिलं, मधूनमधून तिची छाती तपासत. थोड्या वेळाने थरथर थांबली... मग कान हलले... आणि ठकीने मान वर करून डॉक्टरांवरच फिस्स केलं! मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"उद्यापर्यंत थांबला असतात तर गेली असती. ओळखलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या सुनेने," सासूबाई म्हणाल्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी "चांदीपची" नव्हते.

तिसऱ्या दिवशी ठकी व्याली. चार पिल्लं, चारही ठणठणीत!

विण्याआधी मांजर आडोसा शोधते, जेवण कमी करते, हे खरंच. पण तिचं अंग गार लागलं, पाय ताठले, थरथर सुटली किंवा दिवसभर तिने तोंडात काहीच घेतलं नाही, तर वाट बघत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी शेजारच्या काकी त्यांची शेळी घेऊन दारात हजर. "सून कुठाय तुझी? जरा हिचे कान बघायला सांग ना."

मी आत जेवत होते. सासूबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जेवतेय ती. थांब जरा."

खरं सांगते... त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश जेवले.